अवलंबन-नोंद, संगणक आज्ञावलींची

संगणकाची एखादी आज्ञावली तिच्या मूळ पाठापासून बांधून चालविण्यासाठी बाहेरच्या ज्या तयार आज्ञासंग्रहांची गरज लागते, त्यांस त्या आज्ञावलीची अवलंबने म्हणतात. अशा आज्ञासंग्रहांना लायब्ररी हे नाव रूढ आहे. अवलंबनांची नावे, आवृत्त्या, प्रयोजने व प्राप्तिस्थाने यांची व्यवस्थित लेखी मांडणी म्हणजे अवलंबन-नोंद होय. आज्ञावलीच्या निर्मात्याशी परिचय नसलेल्या व्यक्तीस केवळ मूळ पाठ व ही नोंद यांच्या आधारे नव्या यंत्रावर तीच आज्ञावली पुन्हा तयार करता यावी, हा नोंदीचा पहिला हेतू आहे. एखाद्या लायब्ररीत दोष आढळल्यास तो कोणकोणत्या आज्ञावलींत शिरला आहे हे शोधून काढता यावे, हा दुसरा हेतू असून आंतरजालाच्या प्रसारानंतर त्याचे महत्त्व पहिल्याइतकेच वाढले आहे.

बांधणीची प्रक्रिया : माणसाने उच्चस्तरीय भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीस मूळ पाठ म्हणतात. सी सारख्या भाषांत या पाठापासून संगणकास चालविता येईल अशी फाइल तयार करण्याचे काम मुख्यत्वे दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात संकलक किंवा कंपायलर ही आज्ञावली मूळ पाठाचे यंत्रभाषेत रूपांतर करते. दुसऱ्या टप्प्यात जोडक किंवा लिंकर ही आज्ञावली अशा रूपांतरित भागांची एकमेकांशी व लायब्ररींशी सांधणी करते [⟶ संगणक]. या दोन टप्प्यांना अनुसरून लायब्ररीचेही दोन भाग असतात. हेडर फाइल या भागात लायब्ररीतील कार्यांची नावे व ती वापरण्याची रीत दिलेली असते आणि तो संकलकास लागतो. प्रत्यक्ष यंत्रभाषेतील संग्रह हा दुसरा भाग असून तो जोडकास व पुढे आज्ञावली चालविताना लागतो. लिनक्सच्या अनेक वितरणांत हे दोन भाग वेगवेगळ्या पुडक्यांत ठेवण्याची प्रथा आहे. त्यामुळे यंत्रावर लायब्ररी असूनही हेडर फाइल नसल्याने बांधणी थांबणे, हा नेहमीचा अनुभव होय.

जोडणी दोन प्रकारची असते. स्थिर जोडणीत लायब्ररीचा आवश्यक भाग तयार होणाऱ्या फाइलीतच उतरविला जातो. गतिक जोडणीत फाइलीत लायब्ररीचे केवळ नाव राहते व ती चालू करताना यंत्रावरील लायब्ररी शोधून जोडली जाते. पहिल्या प्रकारात तयार फाइल स्वयंपूर्ण होते. पण तिच्या आत कोणती लायब्ररी आहे, हे बाहेरून सहजी कळत नाही. दुसऱ्या प्रकारात नाव दिसते. परंतु लायब्ररी नसल्यास किंवा विजोड आवृत्तीची असल्यास आज्ञावली चालत नाही.

इतिहास : केंब्रिज विद्यापीठात ६ मे १९४९ रोजी कार्यान्वित झालेल्या एडसॅक या संगणकासाठी छिद्रित कागदी फितींवर उपआज्ञावलींचा संग्रह ठेवलेला होता. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या संग्रहाची सूची असून प्रत्येक उपआज्ञावलीचे कार्य, ती स्मृतीत व्यापीत असलेली जागा यांसारखी माहिती त्या सूचीत दिली आहे. लायब्ररी आणि तिचे लेखी वर्णन या दोन्ही कल्पना अशा प्रकारे जवळजवळ एकाच वेळी जन्मास आल्या. मात्र त्या काळी संग्रह एकाच ठिकाणी असल्याने ‘कोणती लायब्ररी, कोठली, कोणत्या आवृत्तीची’ हे प्रश्न फारसे उद्‌भवत नसत.

बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये मेक ही आज्ञावली तयार केली. कोणती फाइल कोणत्या फाइलींपासून बनते हे एका साध्या फाइलीत लिहून ठेवल्यास बदललेल्या भागाचीच पुनर्बांधणी मेक करते. अवलंबन यंत्रास वाचता येईल अशा रूपात लिहिण्याची ही महत्त्वाची पायरी होती. तथापि तिचा रोख प्रकल्पातील फाइलींच्या परस्परसंबंधांवर होता. बाहेरची लायब्ररी यंत्रावर आहे, असे गृहीतच धरले जाई. युनिक्सचे निरनिराळे प्रकार प्रचारात आल्यावर हे गृहीत टिकेना. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी सुरू केलेल्या ऑटोकॉन्फ या साधनाने बांधणीपूर्वीच यंत्राची तपासणी करण्याची सोय केली. ऑटोकॉन्फने तयार केलेली कॉन्फिगर ही आज्ञावली लहान लहान चाचणी-पाठ संकलित करून पाहते आणि हवी ती लायब्ररी सापडते की नाही ते सांगते. १९९३ मध्ये सुरू झालेला डेबियन प्रकल्प व त्यासारखी इतर लिनक्स वितरणे यांनी प्रत्येक पुडक्यासोबत अवलंबनांची ठराविक नमुन्यातील यादी देणे सक्तीचे केले. पुढे पर्ल, पायथॉन, जावास्क्रिप्ट इ. भाषांसाठी आंतरजालावर मध्यवर्ती भांडारे उभी राहिली आणि यादी वाचून लायब्रऱ्या आपोआप आणण्याची पद्धत सार्वत्रिक झाली.

नोंद अपुरी राहण्याचे कारण : आज्ञावली लिहिणाऱ्याच्या यंत्रावर वर्षानुवर्षांच्या कामातून अनेक लायब्रऱ्या जमा झालेल्या असतात. त्या जेव्हा बसविल्या गेल्या, तेव्हा हातातील काम निराळे असू शकते. त्यामुळे नव्या आज्ञावलीची बांधणी त्याच्याकडे विनाअडथळा पार पडते आणि तिला काय काय लागले, हे त्याच्या नजरेसच येत नाही. अवलंबन जितके सर्वसाधारण, तितके ते नोंदीतून सुटण्याचा संभव अधिक असतो. यास्तव नोंद स्मरणाने करणे विश्वसनीय मानले जात नाही. केवळ मूलभूत साधने असलेल्या कोऱ्या यंत्रावर किंवा तशा कृत्रिम परिसरात नोंदीबरहुकूम बांधणी करून पाहणे, हीच तिची खरी परीक्षा होय. डेबियनमध्ये प्रत्येक बांधणीस गृहीत धरावयाच्या मोजक्या साधनांची निश्चिती करण्यात आली असून त्यांखेरीज लागणारी प्रत्येक वस्तू यादीत असावी लागते.

अवलंबनांचे प्रकार : (१) बांधणीकालीन व चालनकालीन : संकलक, हेडर फाइली, चाचणीची साधने यांची गरज बांधणीपुरती असते, गतिक जोडणीच्या लायब्रऱ्या व विदाफाइली चालविताना लागतात. डेबियनच्या नोंदीत या दोहोंसाठी ‘बिल्ड-डिपेंड्स’ व ‘डिपेंड्स’ अशी स्वतंत्र सदरे आहेत. (२) आवश्यक व ऐच्छिक : आवश्यक लायब्ररीवाचून बांधणीच होत नाही. ऐच्छिक लायब्ररी नसल्यास बांधणी पूर्ण होते. मात्र एखादी सुविधा वगळली जाते. (३) प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष : मूळ पाठात जिचा थेट उपयोग केलेला असतो, ते प्रत्यक्ष अवलंबन होय. त्या लायब्ररीस स्वतःला ज्या लायब्रऱ्या लागतात, ती अप्रत्यक्ष अवलंबने होत. प्रत्यक्ष अवलंबने थोडी असली, तरी अप्रत्यक्ष अवलंबनांची साखळी लांबत जाऊन त्यांची संख्या अनेक पटींनी मोठी होऊ शकते.

ऐच्छिक अवलंबन : एक उदाहरण : वरील प्रकारांपैकी ऐच्छिक अवलंबन हे सर्वांत फसवे असते, कारण त्याचा अभाव बांधणीच्या वेळी चूक म्हणून प्रकट होत नाही. पायथॉन भाषेतून चित्रांवर प्रक्रिया करण्यासाठी वापरली जाणारी पिलो ही लायब्ररी याचे बोधप्रद उदाहरण आहे. पायथॉन इमेजिंग लायब्ररी या जुन्या संग्रहापासून २०१० मध्ये पिलोची स्वतंत्र शाखा निघाली. तिच्या बांधणीविषयक दस्तऐवजात बाहेरच्या लायब्रऱ्यांची यादी असून प्रत्येकीपुढे तिचे प्रयोजन दिलेले आहे. त्यांपैकी जेपेग चित्रांसाठी लागणारी लिबजेपेग व संक्षेपित पीएनजी चित्रांसाठी लागणारी झेडलिब या दोन पूर्वनियोजितपणे आवश्यक समजल्या जातात. टिफ चित्रांसाठी लिबटिफ, अक्षरे काढण्यासाठी फ्रीटाइप, रंगव्यवस्थापनासाठी लिटलसीएमएस आणि गुंतागुंतीच्या लिप्यांच्या मांडणीसाठी रक्म या ऐच्छिक आहेत. रक्म ही स्वतः फ्रीटाइप, हार्फबझ व फ्रिबिडी यांवर अवलंबून असते.

देवनागरी मजकुराच्या संदर्भात या यादीतील एका ओळीचे महत्त्व स्पष्ट दिसते. युनिकोड पद्धतीत ऱ्हस्व इकाराचे चिन्ह उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर साठविले जाते. परंतु लिहिताना ते व्यंजनाच्या आधी येते. जोडाक्षरेही व्यंजन, हलन्त-चिन्ह व व्यंजन अशा क्रमाने साठविली जातात. साठवणीच्या क्रमावरून योग्य अक्षराकृती निवडून त्यांचा दृश्य क्रम ठरविण्याचे काम हार्फबझ करते. फ्रीटाइप केवळ एकेका आकृतीचे रेखन करते. पिलोची बांधणी फ्रीटाइपसह परंतु रक्मशिवाय झाल्यास चित्रावर देवनागरी अक्षरे उमटतात, पण साठवणीच्याच क्रमाने. मग ‘किल्ला’ या शब्दातील ऱ्हस्व इकार ‘क’ नंतर पडतो आणि जोडाक्षराऐवजी पाय मोडलेला ‘ल’ व पुढे दुसरा ‘ल’ दिसतो. रोमन लिपीत काम करणाऱ्या निर्मात्यास हा दोष कधीच दिसणार नाही, तर मराठी वापरणाऱ्यास तो पहिल्याच शब्दात दिसेल. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८.२.० या आवृत्तीपासून पिलोच्या तयार पुडक्यांत रक्मची सुधारलेली प्रत समाविष्ट करण्यात आली. तथापि ही प्रत फ्रिबिडीचा शोध आज्ञावली चालू असताना घेते, अशी त्या आवृत्तीची रचना होती. म्हणजे बांधणीकालीन अवलंबनाचे काही अंशी चालनकालीन अवलंबन झाले. अशा प्रसंगी यादीत लायब्ररीचे नाव असणे पुरेसे नसते. ती कोणत्या टप्प्यावर लागते व नसल्यास नेमके काय बिघडते, हे लिहिलेले असावे लागते.

नोंदीतील घटक : उत्तम अवलंबन-नोंदीत पुढील बाबी असतात : (१) लायब्ररीचे तिच्या निर्मात्यांनी दिलेले नाव व प्राप्तिस्थान, (२) किमान आवृत्ती, तसेच ज्या आवृत्तींसह बांधणी प्रत्यक्ष तपासली त्या आवृत्त्या, (३) प्रयोजन, (४) टप्पा, म्हणजे बांधणी, चाचणी किंवा चालन, (५) आवश्यक की ऐच्छिक व ऐच्छिक असल्यास अभावाचा परिणाम, (६) प्रमुख प्रणालींतील पुडक्यांची नावे, (७) परवान्याच्या अटी, (८) आणलेल्या फाइलीचा अंकीय ठसा. ठसा म्हणजे फाइलीच्या संपूर्ण आशयावरून गणिताने काढलेली संख्या होय. आशयात यत्किंचित बदल झाल्यास ती संख्या बदलते. त्यामुळे मिळालेली फाइल हीच अपेक्षित फाइल आहे, याची खात्री करता येते.

पुडक्यांची नावे देण्याचे कारण असे की, एकाच लायब्ररीची नावे प्रणालीनुसार बदलतात. फ्रीटाइपच्या हेडर फाइली डेबियनमध्ये ‘लिबफ्रीटाइप-डेव्ह’ या पुडक्यात, तर फेडोरामध्ये ‘फ्रीटाइप-डेव्हेल’ या पुडक्यात मिळतात. एकाच प्रणालीचे नाव दिलेली नोंद दुसऱ्या प्रणालीच्या वापरकर्त्यास कोड्यात टाकते.

आवृत्तींचा प्रश्न : लायब्ररीचे नाव तेच राहून तिची अंतर्गत रचना बदलू शकते. जेपेग तज्ञगटाच्या लिबजेपेगच्या ६बी, ७ व ८ या आवृत्तींचे यंत्रस्तरावरील सांधे एकमेकांशी जुळत नाहीत. लिबजेपेग-टर्बो ही पर्यायी लायब्ररी यांपैकी हव्या त्या आवृत्तीच्या सांध्याशी जुळेल अशी बांधता येते. म्हणून ‘लिबजेपेग लागते’ एवढीच नोंद अपुरी ठरते. युनिक्स वर्गातील प्रणालींत सांधा बदलला की गतिक लायब्ररीच्या नावाला जोडलेला क्रमांक बदलण्याची प्रथा आहे. आवृत्तीक्रमांकाचे तीन भाग पाडून विसंगत बदल, सुसंगत भर व दोषदुरुस्ती असे अर्थ त्यांस देण्याचा संकेतही बराच प्रचलित आहे. परंतु तो पाळणे निर्मात्यांवर अवलंबून असल्याने त्यावर पूर्णपणे विसंबता येत नाही. किमान आवृत्ती सांगणारी सैल नोंद आणि प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती व ठसा सांगणारी बंदिस्त नोंद, अशा दोन नोंदी सोबत ठेवण्याची पद्धत यातूनच आली. पहिल्या नोंदीमुळे आज्ञावली कालानुरूप राहते, तर दुसरीमुळे एकदा झालेली बांधणी जशीच्या तशी पुन्हा करता येते.

नोंदीची रूपे : सर्वांत जुने रूप म्हणजे मूळ पाठासोबत दिलेली, माणसाने वाचावयाची सूचना-फाइल होय. यंत्रवाचनीय रूपांपैकी पीकेजी-कॉन्फिग या साधनाच्या लहान फाइली प्रसिद्ध आहेत. लायब्ररी स्वतःच आपली आवृत्ती, हेडर फाइलींची जागा व आपणास लागणाऱ्या इतर लायब्रऱ्या यांत जाहीर करते. त्यांतील ‘रिक्वायर्स-प्रायव्हेट’ या सदरात मुख्यतः स्थिर जोडणीच्या वेळी लागणारी अवलंबने येतात. यंत्रवाचनीय नोंद बांधणीत प्रत्यक्ष वापरली जात असल्याने ती चुकल्यास लगेच कळते. सूचना-फाइल मात्र जुनी होऊनही तशीच पडून राहू शकते. उलट प्रयोजन व अभावाचे परिणाम हे विवेचन सूचना-फाइलीतच करता येते. त्यामुळे ही दोन रूपे परस्परपूरक ठरतात. नेदर्लंड्समधील उत्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी विकसित केलेल्या निक्स या पद्धतीत, ज्याची नोंद नाही ते बांधणीस उपलब्धच होऊ दिले जात नाही. २००६ मधील त्यांच्या प्रबंधात या पद्धतीचे विवेचन आहे.

दोषशोधन व सुरक्षितता : मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या मध्यवर्ती भांडारातून लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या अकरा ओळींचे पुडके त्याच्या निर्मात्याने काढून घेतले आणि त्यावर अप्रत्यक्षपणे विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली. पुडके लवकरच पूर्ववत ठेवण्यात आले. नोंदीत नाव असले, तरी त्या नावामागची वस्तू उपलब्ध राहीलच असे नाही, हे या घटनेने दाखविले. महत्त्वाच्या अवलंबनांच्या प्रती स्वतःकडे जतन करण्याची खबरदारी त्यामुळे घेतली जाऊ लागली.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीतील हार्टब्लीड हा दोष उघडकीस आला. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्तींत तो होता. गतिक जोडणीच्या आज्ञावलींसाठी लायब्ररी बदलून त्या पुन्हा सुरू करणे पुरेसे होते. स्थिर जोडणीच्या आज्ञावलींची मात्र पुनर्बांधणी करावी लागे आणि त्यासाठी त्या कोणत्या, हे आधी ठाऊक असणे आवश्यक होते. डिसेंबर २०२१ मध्ये जावा भाषेतील लॉग४जे या नोंदवही-लायब्ररीत गंभीर दोष आढळला. ही लायब्ररी अन्य पुडक्यांच्या पोटात दडलेली असल्याने आपल्या प्रणालीत ती आहे की नाही, हे ठरविणे हेच अनेक संस्थांपुढील पहिले काम होऊन बसले.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघड केलेले एक्सझेड हे प्रकरण अवलंबन-नोंदीच्या दृष्टीने अधिक विचार करावयास लावणारे आहे. एक्सझेड या संक्षेपण-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्तींत चोरदरवाजा बसविलेला होता. दूरस्थ प्रवेशासाठी वापरली जाणारी ओपनएसएसएच ही आज्ञावली मूळ रूपात एक्सझेडच्या लायब्ररीचा उपयोग करीत नाही. परंतु काही लिनक्स वितरणांनी तिला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती व त्या लायब्ररीमार्फत एक्सझेडची लायब्ररी आत येत होती. शिवाय चोरदरवाजा कार्यान्वित करणारी बांधणीची फाइल सार्वजनिक मूळ पाठात नसून वितरित केलेल्या गठ्ठ्यातच होती. नोंद केवळ नावाची न करता प्रत्यक्षात कोणत्या फाइलीपासून बांधणी झाली याचीही करावी लागते, हा यातून मिळालेला धडा होय.

शासकीय प्रयत्न : अमेरिकेच्या अध्यक्षांनी १२ मे २०२१ रोजी काढलेल्या आदेशात शासनास पुरविल्या जाणाऱ्या आज्ञावलींसोबत त्यांच्या घटकांची सूची देण्याचा विषय पुढे आणण्यात आला. त्याच वर्षी एसपीडीएक्स या सूचीनमुन्यास आयएसओ ५९६२ हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. २०२४ मध्ये यूरोपीय संघाने केलेल्या सायबर प्रतिरोधक्षमतेच्या कायद्यात किमान प्रत्यक्ष अवलंबनांची यंत्रवाचनीय सूची ठेवण्याची तरतूद आहे. भारतात सर्ट-इन या संस्थेने २०२४ मध्ये अशा सूचीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

मर्यादा : अवलंबन-नोंद लायब्ररीच्या निर्दोषत्वाची हमी देत नाही, दोष कोठे शोधावा, एवढेच ती सांगते. ती बांधणीबरोबर अद्ययावत न ठेवल्यास नोंद नसण्याहूनही घातक ठरू शकते. कारण वाचणारा तिच्यावर विसंबून राहतो. नोंद पूर्ण असूनही एकाच मूळ पाठापासून दोन ठिकाणी तंतोतंत सारखी फाइल निर्माण होईलच असे नाही. बांधणीची वेळ, फाइलींचा क्रम यांसारख्या बाबी निकालात उतरतात. हे फरक नाहीसे करून पुनरुत्पादनक्षम बांधणी साध्य करण्याचे प्रयत्न डेबियनमध्ये २०१३ पासून संघटितपणे चालू आहेत.

आज्ञावलींच्या जतनाच्या दृष्टीनेही या नोंदीस महत्त्व आहे. फ्रान्समधील इन्रिया या संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेल्या सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहात जगभरच्या आज्ञावलींचे मूळ पाठ साठविले जातात. असा पाठ दीर्घकाळ टिकला, तरी त्यास लागणाऱ्या लायब्रऱ्यांची नोंद नसल्यास तो वाचता येतो, पण सहजी चालविता येत नाही. म्हणून अवलंबन-नोंद ही मूळ पाठाची पुरवणी नसून त्याचाच एक भाग आहे, असे मानणे इष्ट ठरते.